गच्चीवरचे सोलर आणि शेवटचा नळ

रत्नागिरीत नाचणे, कुवारबाव किंवा साळवी स्टॉपच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या जाहिरातींत लिफ्ट, जनरेटर आणि ‘सोलरचे गरम पाणी’ ही तीन आश्वासने हल्ली एका दमात येतात. लिफ्टची तपासणी सरकारी निरीक्षक करतो. जनरेटर चालतो की नाही, हे महावितरणच्या कृपेने पहिल्याच पावसात कळते. गच्चीवरून सोळा घरांना गरम पाणी पुरवणारी यंत्रणा मात्र बहुतेक ठिकाणी एक नळ उघडून, त्याखाली हात धरून ताब्यात घेतली जाते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक इमारतींसाठी सौर वॉटर हीटर किंवा सौर वीज यंत्रणेची तरतूद आहे, त्यामुळे सोलर बसते. ते नीट चालू करून, मोजून, आकडे लिहून सोसायटीच्या हाती देणे, म्हणजे टेस्टिंग आणि कमिशनिंग, हे काम वेगळे आहे आणि तेच राहून जाते. ते का राहते, हे खालच्या समजुतींवरून कळेल.

गैरसमज: नळाला गरम पाणी आले, म्हणजे सिस्टीम पास.

ही समजूत पटते, कारण पुरावा हातावर पडतो. पण तो कोणत्या नळाचा आणि कोणत्या वेळेचा, हे कुणी विचारत नाही. ताबा देताना दाखवतात ते सहसा स्वच्छ उन्हाच्या दुपारी, वरच्या मजल्यावर, आणि अजून कुणीच राहायला आले नसताना. या परीक्षेत नापास होणारे सोलर शोधून सापडणार नाही. शिवाय हाताला ४५ अंशही कढत लागतात आणि ६० अंशही. फरक थर्मामीटरलाच कळतो.

खरी परीक्षा सकाळी सहाला, टाकीपासून सर्वांत लांबच्या न्हाणीघरात होते. साहित्य साधे लागते: लिटरच्या खुणा असलेली बादली, स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर आणि घड्याळ. गच्चीवरच्या टाकीपासून पहिल्या मजल्यावरच्या नळापर्यंत २५ मिलिमीटर व्यासाचा पाइप १८ मीटर लांब असेल, तर त्याच्या पोटात जवळजवळ नऊ लिटर पाणी असते. रात्रभर ते तिथेच निवते. सकाळी नळ उघडणाऱ्याला आधी ही जवळपास अर्धी बादली सोडून द्यावी लागते आणि ती मोरीत जाते. पंप आणि रिटर्न लाइन लावून पाणी फिरते ठेवले की हा अपव्यय थांबतो. मात्र त्यासाठी पंप खरेच फिरवतो आहे का, आणि पाणी सगळ्या रायझरमधून (मजल्यांतून उभ्या उतरणाऱ्या पाइपांतून) जाते की जवळच्या एकाच रायझरमधून वळसा घालून परत येते, हे पाहावे लागते. प्रत्येक रायझरच्या परतीच्या तोंडाशी पाइपचे तापमान मोजले की दहा मिनिटांत उत्तर मिळते. एक परती तापलेली आणि बाकीच्या थंड असतील, तर तिथले व्हॉल्व्ह कमीजास्त करून प्रवाह वाटून घ्यायचा. हे काम चालू करतानाच करायचे असते, कारण डक्टची दारे बंद झाली आणि समोर कपाटे आली की त्या व्हॉल्व्हपर्यंत कुणाचा हात पोचत नाही.

आणखी एक चाचणी जवळजवळ फुकट होते. संध्याकाळी टाकीचे तापमान लिहायचे, बॅकअप हीटर आणि फिरता पंप बंद ठेवायचा, पाणी वापरायचे नाही आणि पहाटे पुन्हा तापमान लिहायचे. चांगले इन्सुलेशन असलेली मोठी टाकी रात्रीत थोडेच अंश गमावते. पंधरा-वीस अंश उतरले, तर इन्सुलेशन भिजले आहे, एखादा व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा रात्री पाणी उलटे फिरून कलेक्टरमध्येच थंड होते आहे. दुपारी नळाखाली धरलेल्या हाताला यातले काहीच कळत नाही.

गैरसमज: प्रेशर टेस्ट झाली, टाइल्स बसल्या, आता पाइपला काय होणार?

प्रेशर टेस्ट झाली असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. पाइपमध्ये पाणी भरून, हवा पूर्ण काढून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि गेजचा काटा उतरतो का ते पाहायचे, ही रीत योग्यच. (प्लास्टिकच्या पाइपला हवेच्या दाबाने तपासणे मात्र घातक, सांधा सुटला तर तुकडे उडतात.) पण ही परीक्षा थंड पाण्याची आहे. दहा मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप ३५ अंशांनी तापला की दोन सेंटिमीटरहून अधिक लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. प्लंबरने तो भिंतीशी घट्ट आवळून ठेवला असेल, तर ही ओढाताण कोपऱ्यावरच्या एल्बोवर येते आणि आज कोरडा दिसणारा सांधा दोन-तीन महिन्यांनी पाझरतो. म्हणून थंड चाचणीनंतर यंत्रणा पूर्ण तापवायची, निववायची, पुन्हा तापवायची आणि मगच सांधे तपासायचे. तोपर्यंत डक्ट उघडी राहिली पाहिजे.

दाबाची चाचणी घेताना गच्चीवरची बिनदाबाची टाकी लाइनपासून तोडून ठेवावी लागते, कारण दीडपट दाब सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसते. तिच्या माथ्यावरचा एअर व्हेंट मोकळा आहे ना, हेही तेव्हाच बघून घ्यावे. मुंग्या, पक्षी किंवा रंगाऱ्याचे फडके यांपैकी कशानेही तो बुजला आणि खालून पाणी ओढले गेले, तर आतल्या पोकळीमुळे चांगली स्टीलची टाकी पोचा पडून आत बसते.

फ्लशिंगबद्दल, म्हणजे पाइप आतून धुवून काढण्याबद्दल, एवढेच पुरे: पाइप कापताना पडलेला चुरा, सिमेंट आणि टेफ्लॉन टेपचे धागे नळाच्या जाळीत अडकतात आणि मग ‘सोलरला प्रेशर नाही’ अशी तक्रार होते.

गैरसमज: दुसऱ्या मजल्यावरचे सगळे गरम पाणी ओढतात.

सोसायटीच्या सभेतली ही सर्वांत टिकाऊ तक्रार असावी. तिच्यामागचा अनुभव खरा असतो: कालपर्यंत कढत येणारे पाणी आज अचानक कोमट होते, आणि खालच्या घरातून बादली भरल्याचा आवाज येत असतो. संशय शेजाऱ्यावर जाणे साहजिक आहे. दोष मात्र बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या नळात असतो, शेजाऱ्याच्या स्वभावात नसतो.

गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप असतो. गरम पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर उतरते. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, म्हणजे वरच्या मजल्यावर तो जेमतेम काही दशांश किलो. आता एखाद्या न्हाणीघरात मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या आणि पुढच्या हातशॉवरचे बटण तेवढे बंद, अशी अवस्था असली की जास्त दाबाचे गार पाणी मिक्सरच्या आतून गरम लाइनीत शिरते आणि पुढच्या चार घरांचे पाणी कोमट करते. त्या घरातल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. त्याने एक थेंबही वापरलेला नसतो, उलट गार पाणी दिलेले असते.

ओळखायची रीत अशी. गच्चीवरून गरम पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि एका घरातला गरम नळ उघडायचा. पाइपमध्ये उरलेले पाणी संपले की धार थांबली पाहिजे. ती थांबली नाही, तर गार पाणी कुठून तरी गरम लाइनीत येते आहे. मग एकेका घराचा व्हॉल्व्ह बंद करत जायचे. ज्या घरापाशी धार थांबेल तिथला मिक्सर दोषी. प्रत्येक घराच्या गरम आणि गार जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि दोन्ही लाइनींचा दाब जवळजवळ सारखा ठेवला की हा वाद संपतो. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, हेही पाहून घ्यावे. उलटा बसवलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हा विनोद वाटतो, पण तो घडतो.

वरच्या मजल्यावर टाकी जवळ म्हणून पाणी जोरात, ही समजूतही याच कारणाने उलटी आहे. जवळ म्हणजे लवकर गरम, हे बरोबर. पण उंची कमी म्हणजे दाब कमी.

गैरसमज: कोकणात पावसाळ्यात सोलर बंदच, म्हणून चाचणी उन्हाळ्यात घेतली की पुरे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा ‘बंदच’ म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नाही. ढगांतूनही विखुरलेला उजेड येतो आणि कलेक्टरच्या काचेच्या नळ्या त्यातून थोडी उष्णता घेतात. पाणी ३५-४० अंशांपर्यंत जाते, कधी तेवढेही नाही. कमतरता भरून काढायला बॅकअप हीटर असतो. चाचणीच्या दृष्टीने पावसाळा महत्त्वाचा आहे तो याच हीटरसाठी, कारण मे महिन्यात त्याला काही कामच नसते आणि तो चालतो की नाही हे कुणाला कळत नाही.

हिशेब करून पाहावा. सोळा घरांना प्रत्येकी १०० लिटर धरून टाकी १६०० लिटरची. २७ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे ६१ युनिट वीज लागते. हीटर १२ किलोवॉटचा असेल तर पाच तास, ६ किलोवॉटचा असेल तर दहा तासांहून जास्त, आणि ३ किलोवॉटचा असेल तर वीस तास. टाइमर पहाटे चारचा आणि हीटर ३ किलोवॉटचा, अशा जोडीकडून सकाळी सातला गरम पाण्याची आशा करणे म्हणजे गणिताशीच भांडण आहे. म्हणून ढगाळ दिवशी, टाकी थंड असताना हीटर चालू करायचा. सुरुवातीचे तापमान, शेवटचे तापमान, लागलेला वेळ आणि कॉमन मीटरवरचे युनिट लिहायचे. युनिट हिशेबापेक्षा फार जास्त निघाले तर उष्णता कुठे तरी वाया जाते आहे. हीटरच्या जागी हीट पंप असेल तर वीज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर यायला हवी. पावसाळ्यातही इथली हवा उबदार असल्याने हीट पंपाला कोकण मानवते.

गच्चीवर, पावसात, पाण्याच्या टाकीत विजेचा हीटर: या तीन गोष्टी एकत्र आल्यावर अर्थिंगचे माप आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीची (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचची) चाचणी टाळण्याला कोणतीही सबब चालत नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबायला एक सेकंद लागतो.

गैरसमज: अंघोळीला ४० अंश पुरतात, टाकी ६० अंशांवर ठेवणे ही उधळपट्टी.

अर्धे खरे असल्यामुळे हे चटकन पटते. अंगावर घ्यायला ४० अंशच बरे. पण टाकीतले पाणी अंगावर घ्यायचे पाणी नसते. टाकी सतत ३०-४५ अंशांत राहिली, तर लेजिओनेला हा जिवाणू त्यात वाढू शकतो. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर दोनशेहून अधिक लोक न्यूमोनियासारख्या आजाराने आजारी पडले, ३४ दगावले. जिवाणू सापडला तो पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. तिथे संशय वातानुकूलनावर होता, पण पुढे मोठ्या इमारतींच्या गरम पाण्याच्या यंत्रणांतही तो जिवाणू आढळत गेला. तो पाणी पिऊन बाधत नाही. शॉवरच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासात जातो. बादलीने अंघोळ करणाऱ्यांना धोका कमी, हे खरे. पण नव्या इमारतींत शॉवर असतो, आणि न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णात या जिवाणूची तपासणी आपल्याकडे होत नाही, त्यामुळे ‘इथे कधी ऐकले नाही’ हा पुरावा ठरत नाही.

६० अंशांवर हा जिवाणू काही मिनिटांत मरतो. म्हणून साठवण ६० अंशांवर आणि लांबच्या नळाला मिनिटभरात ५० अंश, ही ब्रिटनमधली मान्य रीत इथेही वापरण्याजोगी आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी: ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजते. लहान मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या घरात मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून नळाचे तापमान खाली आणावे, टाकीचे नव्हे.

जुन्या घरांत न्हाणीघरातल्या चुलवणावर तांब्याच्या भाण्यात पाणी रोज तापे आणि बरेचसे रोज संपे. साठून राहण्याचा प्रश्न सोळा घरांच्या एका टाकीबरोबर आला. जिल्ह्यातल्या उन्हवरे, तुरळ, राजवाडी, आरवली इथल्या उन्हाळ्यांना, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांना, कुणी कमिशनिंगचा दाखला दिलेला नाही. पण ते पाणी वाहते असते.

गैरसमज: आमचे पाणी हलके, टाकीला काही होत नाही.

घाटावर गीझरच्या कॉइलवर पांढरी पुटे चढतात तशी इथे सहसा चढत नाहीत, यावरून ही समजूत आली. जांभ्यातून झिरपलेले पाणी मृदू, पण बहुधा किंचित आम्लधर्मी असते आणि पुटे चढवण्याऐवजी धातू खाते. मिऱ्या किंवा मांडवीच्या बाजूला बोअरला खारे पाणी लागले, तर त्यातले क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक भोके पाडते. नगरपरिषदेचे पाणी शीळ धरणाचे; पण मे महिन्यात ओढ लागली की सोसायट्या टँकरचे आणि बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडतात. म्हणून पाण्याचा नमुना दोनदा तपासावा, एकदा पावसानंतर आणि एकदा मे महिन्यात, आणि टाकीतल्या मॅग्नेशियमच्या दांड्याची तारीख लिहून ठेवावी. तो दांडा टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो.

गैरसमज: नळ्या काचेच्या असल्या तरी मजबूत, पाणी कधीही भरले तरी चालते.

गारपीट सोसणारी काच पाण्याने कशी फुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण रिकामी निर्वात नळी उन्हात दीड-दोनशे अंशांपर्यंत तापते. दुपारी तिच्यात गार पाणी सोडले की काच तडकते, कधी एकदम चार-पाच नळ्या. पहिले पाणी सूर्योदयापूर्वी भरावे, किंवा नळ्या झाकून. उन्हाळ्यात वरची गार पाण्याची टाकी रिकामी पडली, की दुपारी टँकर आल्यावर हीच चूक होते. टाकी दुपारी भरू नये हे वॉचमनलाही सांगून ठेवलेले बरे.

गैरसमज: एरवी पाणी पुरते, गणपतीत पाहुणे येतात म्हणून संपते.

रत्नागिरीतले कितीतरी फ्लॅट वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद असतात, मालक मुंबईला. सोळातली सहा घरे राहती असताना १६०० लिटरची टाकी अक्षय्य वाटते. त्या काळात घेतलेल्या चाचणीचे निकाल उत्तम येतात आणि त्यांचा काही उपयोग नसतो. गणपतीत सगळी कुलपे उघडतात, घरटी नऊ-दहा माणसे होतात आणि दहाच्या आत सगळ्यांना आंघोळ उरकून पूजेला बसायचे असते.

२० लिटरची बादली ४० अंशांवर आणायला ६० अंशांचे पाणी सुमारे ८ लिटर लागते. सोळा घरे, घरटी नऊ माणसे: साडेअकराशे लिटर. १६०० लिटरच्या टाकीला हे निभते. पण भाद्रपदात आभाळ झाकलेले, टाकी ४५ अंशांवर अडकलेली. मग त्याच बादलीला साडेचौदा लिटर लागतात आणि एकूण दोन हजारांच्या पुढे. म्हणजे पाहुणे जितके जबाबदार, तितकेच ते हरवलेले पंधरा अंशही. त्यांची जबाबदारी बॅकअप हीटरवर आणि त्याच्या न झालेल्या चाचणीवर जाते.

ही गर्दी चाचणीत आणता येते. बंद घरांच्या किल्ल्या मागवून प्रत्येक रायझरवरचे काही नळ एकाच वेळी उघडायचे, लांबच्या नळाचे तापमान दर पाच मिनिटांनी लिहायचे आणि ते किती लिटरनंतर ४५ च्या खाली घसरते ते पाहायचे. सोडलेले पाणी ड्रममध्ये धरून बागेला, जिना धुवायला वापरता येते. चाचणीच्या निमित्ताने त्या बंद घरांच्या पाइपमध्ये महिनोन्‌महिने साचलेले पाणीही निघून जाते. मालक आल्या आल्या शॉवरखाली उभा राहतो, त्याआधी ते निघणे बरे.

गैरसमज: ताबापत्रावर सह्या झाल्या, आता दोष निघाला तर सोसायटीने भोगायचा.

ठेकेदार हे इतक्या ठामपणे सांगतात की लोक मानतात. महारेराकडे नोंदणी झालेल्या प्रकल्पांबाबत २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम १४(३) वेगळे सांगते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा पुरवलेल्या सेवांमध्ये करारानुसार असलेला दोष निदर्शनास आणून दिला, तर प्रवर्तकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. सामायिक गरम पाणी ही करारात लिहिलेली सेवा असेल, तर ती यातून सुटत नाही. नळ्यांवरचा आयएसआय शिक्का दाखवून सुटका होत नाही. तो शिक्का नळीचा असतो, डक्टमधल्या जोडणीचा नव्हे.

वाद पुढे अडतो तो एकाच ठिकाणी: दोष पहिल्यापासून होता की वापराने झाला. सोसायटीकडे त्या वेळी दाखवायला सहसा जाहिरातीचे पत्रक असते. हवे असते ते हे: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या फ्लॅटच्या नळाला, किती लिटर सोडल्यावर, किती अंश, रात्रीची टाकीची घट, हीटरचे युनिट, आरसीसीबीची चाचणी, प्रत्यक्ष बसवलेल्या पाइपांचा आणि व्हॉल्व्हचा नकाशा, आणि खाली बिल्डरचा माणूस, प्लंबर व दोन रहिवासी यांच्या सह्या. दोन पानांचा कागद होतो. तो ताब्याच्या आधी मागितला तर सहज मिळतो, नंतर मागितला तर ‘ते साहेब आता आमच्याकडे नाहीत’ असे उत्तर येते.